बटण दाबून धरणारी

६ जानेवारी

नोरीन मावशी,

तुझी आठवण येते म्हणून लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. तुझा नवा पत्ता आजीला आलेल्या नाताळच्या कार्डाच्या पाकिटावर होता. आजीनं कार्ड फ्रिजवर लावलं. आईनं ते बघितलं आणि विचारलं, "हा कुत्रा कुणाचा?" आजी म्हणाली, "नोरीन आता कुत्र्यांच्या पाळणाघरात काम करते, व्हीलिंगला." आई म्हणाली, "बरंय. कुत्र्यांना बोल म्हणून कुणी सांगत नाही." आणि कार्ड उलटं करून लावलं. आता आमच्या फ्रिजवर कार्डाची पांढरी पाठ आहे.

मी मासळीच्या दुकानातच आहे. शाळा सोडली तेव्हा लागले, ती अजून तिथंच. तळ्यातले पर्च मासे येतात, त्यांची पोटं फाडायची, आतलं काढायचं, काटा वेगळा करायचा. वास जात नाही. लिंबू लावलं तरी जात नाही. पण तिथं कुणी माझ्याशी बोलत नाही. मालक बोट दाखवतो, मी कापते. छान चाललंय.

आईनं शाळेवर केस घातली हे तुला आजीनं सांगितलं असेलच. गावच्या नाही, फेडरल कोर्टात. वकील परवडत नाही म्हणून आईनंच सगळं हातानं लिहून काढलं, जेवणाच्या टेबलावर बसून, आणि स्वतः नेऊन दिलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "आम्हाला सल्ला देता येत नाही." आई म्हणाली, "सल्ला नकोय, स्टेपलर द्या." मग कोर्टाचं उत्तर आलं. तुम्ही स्वतःची केस स्वतः चालवू शकता, पण मुलीची नाही. मुलगी अठराची नाही, आणि आई म्हणजे वकील नव्हे. वकील आणा, नाहीतर केस काढून टाकू.

आई ओरडली, "नऊ महिने पोटात घेऊन फिरले तेव्हा कुणी वकील मागितला नाही!"

ज्यांना वकील नाही त्यांच्या केसेस फुकटात घेणाऱ्या वकिलांची कोर्टाकडे एक यादी असते. पहिल्यानं आमची केस वाचून परत पाठवली. दुसऱ्याचं ऑफिस शाळेचीच कामं करतं. तिसऱ्या आल्या ट्रम्बलबाई. साठीच्या आहेत, बूट पुरुषांचे घालतात. त्यांचं रोजचं काम म्हणजे आपल्या समुद्राएवढ्या तळ्यात जहाजावरचा माल भिजला तर कुणाची चूक, ते ठरवणं. गाडीत बसून उकडलेली अंडी खातात आणि टरफलं दाराच्या कप्प्यात टाकतात. शी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पोरी, शाळेच्या केसेसमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण वाचता येतं."

त्यांनी मला बजावलंय, मावशीला काही लिहू नकोस. ती साक्षीदार आहे, तू लिहिलेलं सगळं शाळेचा वकील मागवून वाचू शकतो. वाचू दे ना. तू काय बोलायचं ते मी सांगणारच नाहीये. मिस्टर गॅरेट, वाचत असाल तर नमस्कार.

विनी


२ फेब्रुवारी

नोरीन मावशी,

शाळेचं उत्तर आलं. ट्रम्बलबाईंनी वाचून दाखवलं. त्यात मला कोंडायचे त्या खोलीला 'मत्स्यालय' म्हटलंय. 'विद्यार्थ्यांनी स्वतः रंगवलेली शांत जागा.' खरंय. मीच रंगवलीय. आठवतंय ना, मी तेव्हा लहान होते, तू शाळेत कामाला होतीस, आणि तूच मला निळा डबा उघडून दिला होतास. दाराच्या समोरच्या भिंतीवर, खाली, जो पिवळा पर्च आहे ना पट्ट्यांचा, तो माझा. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की हे कशासाठी रंगवतोय. पुढं त्या माशाकडं बघत किती बसले. त्याचा डोळा चुकलाय. वर गेलाय.

खाली रबरी गाद्या, मुताचा वास, त्यावर फिनेलचा वास, आणि कुणाचा तरी घाम. आता मी मासळीच्या घाणीत हात घालते, पण असली ओकारी तिथं एकदाही आली नाही.

आणि शाळा पुढं काय लिहिते बघ. 'दाराला कुलूप नव्हते. विद्यार्थिनी कधीही बाहेर येऊ शकत होती. तिने फक्त मी तयार आहे एवढे म्हणायचे होते.'

फक्त!

मी घरी बोलते, आजीकडं बोलते, तुझ्याशी तर किती बोलायचे. बाहेर घसा बंद होतो, हे तुला माझ्या बालवाडीपासून माहीत आहे. व्होस सरांनी वर्गात विचारलं आणि मी बोलले नाही की ते म्हणायचे 'उद्धटपणा'. मग मत्स्यालय. तिथून सुटायचं तर मोठ्यानं म्हणायचं, मी तयार आहे. जे येत नाही म्हणून आत टाकलं, तेच केल्यावर बाहेर. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? रात्री झोप लागत असेल का त्याला? लागत असेल. असल्यांना लागते.

ट्रम्बलबाईंनी मला विचारलं, दाराला कुलूप नव्हतं तर दार उघडत का नव्हतं? मी कागदावर काढून दाखवलं. बाहेर भिंतीवर बटण. ते दाबलेलं असेपर्यंत दार बंद, सोडलं की उघडं. म्हणजे कायद्यानं कुलूप नाही, कारण कायम कुणीतरी तिथं उभं राहून दाबून धरायला लागतं. बाईंनी चित्रातल्या बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि दाबायचं कोण?"

मी तुझं नाव लिहिलं. आईला माहीत होतं तरी ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली.

बाई म्हणतात, शाळेतल्या सगळ्यांनी एकच वाक्य लिहून दिलंय, दार कधी बंद नव्हतं. आतल्या एकानंही खरं सांगितलं नाही तर जज केस ज्यूरीपुढं जाऊच देणार नाही. माझ्या एकटीच्या सांगण्यावर निभणार नाही असं त्यांना वाटतं, त्यात मी अशी.

खालच्या मजल्यावर नवीन लोक आलेत. त्यांची पोर आहे जूनी, सात वर्षांची. या वर्षी आपल्याच शाळेत, हार्बर रिजला घातलीय, व्होस सरांच्याच विभागात. परवा आजी त्यांच्याकडं गेली होती. जूनी त्यांच्याच घरातल्या संडासाच्या दारापुढं उभी राहून म्हणाली, "मी तयार आहे." दार उघडंच होतं. तिची आई हसली, म्हणे किती शहाणी आहे. आजीला काही कळलं नाही. तिनं मला गंमत म्हणून सांगितलं.



विनी


२७ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर फक्त 'विनी, मला सोड.' वर कुत्र्याच्या पंजाचा शिक्का. वा.

काल माझी जबानी झाली. टेबलाच्या एका बाजूला आम्ही, समोर मिस्टर गॅरेट, आणि कडेला एक बाई, जी सगळं टाइप करते. गॅरेटनी बिस्किटं आणली होती. आवाज इतका गोड की दात आंबले. "विनिफ्रेड, घाई नाही हं. आम्ही थांबू." हे 'आम्ही थांबू' मी आधी ऐकलंय. व्होस सर दाराच्या काचेतून असंच म्हणायचे.

मी मान हलवली. टाइप करणारी म्हणाली, "मान हलवलेली मला टाइप करता येत नाही, तोंडानं सांगा." आईच्या तोंडून शिवी गेली. ती मात्र टाइप झाली.

मग माझ्या पोटात कळ आली. मी कागदावर लिहिलं, संडासला. गॅरेट म्हणाले, "हो हो, नक्की. फक्त आधी या प्रश्नाचं उत्तर." मी ट्रम्बलबाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड पडलं. त्या म्हणाल्या, "पोरी, तशी पद्धत आहे. प्रश्न विचारून झाला की उत्तर दिल्याशिवाय उठता येत नाही. सगळ्या जबान्यांत असंच असतं." पद्धत! मोठ्या लोकांच्या सगळ्या खोल्या एकाच सुतारानं केल्यात की काय?

प्रश्न असा होता की 'मी तयार आहे' म्हणायला मला कुणी मनाई केली होती का. मी म्हणाले, नाही. तेवढं एक निघालं तोंडातून. गॅरेटनी एक बिस्कीट घेतलं.

आता तुला समन्स आलं असेल. बाई म्हणतात इतक्या लांबून तुला इकडं ओढून आणता येत नाही, म्हणून आम्हीच सगळे व्हीलिंगला येणार. मी पण येणार. माझी केस आहे, मला बसायचा हक्क आहे. आई येणार नाही. ती म्हणते, "मी आले तर साक्षीदारच उरणार नाही."

तुला मी एवढंच विचारते. तू आधी खोटं बोलायचीस ना माझ्यासाठी? मला आत सगळं ऐकू यायचं. तू व्होस सरांना सांगायचीस, "म्हणाली ती, हळू म्हणाली, मी ऐकलं." आणि बटण सोडायचीस. गाडीत आपण त्यावर हसायचो. तू माझा आवाज काढून दाखवायचीस, उंदरासारखा. मला वाटायचं, मावशी आहे तोवर मला काही होत नाही.

मग तो गुरुवार. मला पहिल्यांदा रक्त आलं, आणि ते मत्स्यालयातच आलं. मला कळेना काय झालं. मी काचेपाशी आले आणि हात दाखवला तुला. हाताला लागलेलं. तू बघितलंस. मी हे कुणाच्या सांगण्यावरून म्हणत नाही, आपले डोळे भिडले होते. आणि दार उघडलं नाही. तू तोंड फिरवलंस. तुझा खांदा मला काचेतून दिसत होता, बटणाकडं ताठ धरलेला.

घरी येताना तू गाडीच्या सीटवर जुनं वर्तमानपत्र पसरलंस. सीट खराब होऊ नये म्हणून.

त्या वर्तमानपत्राची जितकी किळस येते तितकी त्या खोलीची पण येत नाही.

विनी


१९ मार्च

मावशी,

काल तू तिथं होतीस, मी पण होते, तरी लिहिते. कारण निघताना तू माझ्याकडं बघत उभी राहिलीस आणि मी गाडीचं दार लावून घेतलं. तुला वाटत असेल आता काय. तर ऐक.

कोर्टाच्या फुकट केसला जबानीसाठी मोटेलातली नाश्त्याची खोलीच मिळते. सगळीकडं करपलेल्या वॉफलचा वास. तुझ्या स्वेटरला कुत्र्याचे केस. बारीक झालीस. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

ट्रम्बलबाईंनी विचारायला सुरुवात केली आणि तू म्हणालीस, आठवत नाही. बटण कुठं होतं? आठवत नाही. कोण दाबायचं? वेगवेगळे लोक. तू गॅरेटकडं बघायचीस आणि ते डोळ्यांनी तुला थोपटायचे.  मग बाईंनी अंडं सोलावं तसं एकेक काढत विचारलं, "एका गुरुवारी विनी काचेपाशी आली आणि तिनं तुम्हाला हात दाखवला. हाताला काय होतं?"



 तुझ्या गळ्यापाशी काहीतरी वरखाली होत होतं. ते मला ओळखू आलं, मावशी. त्या खोलीत मला एकटीलाच ओळखू आलं असेल. आत शब्द असतो आणि वर कुणीतरी झाकण दाबून धरलेलं असतं.

तू पुटपुटलीस, "मला जरा बाहेर जायचंय. बरं वाटत नाहीये."

आणि ट्रम्बलबाई म्हणाल्या, "जाल. आधी उत्तर द्या. प्रश्न विचारून झालाय."

आमच्या ट्रम्बलबाई! फुकटात आलेल्या, अंडीवाल्या, माझ्या बाजूच्या.

मला आधी काय वाटलं सांगू? मजा वाटली. म्हटलं बस आता. कळू दे. तू ओठ चावलास, पांढरी पडलीस, आणि मला गोड गोड वाटत होतं, गॅरेटच्या बिस्किटासारखं. तू टेबलावर हात ठेवला होतास. तोच हात. मी त्याच्याकडं बघत बसले. आणि एकदम मला दिसलं की आत्ता बटण माझ्या हातात आहे. ही केस माझी, वकील माझी, पद्धत पण आज माझ्याच बाजूची. शी. तुझी किळस होतीच, आता माझी पण आली. एका खोलीत किती माणसांची किळस करायची?

मी म्हणाले, "जाऊ द्या तिला."

आवाज कोंबडीसारखा आला. टाइप करणारीनं मान वर केली. ट्रम्बलबाई गर्रकन वळल्या आणि म्हणाल्या, "पोरी, गप्प बस!"

आख्ख्या जन्मात मला कुणी पहिल्यांदा गप्प बस म्हणालं. आईला सांगितलं तर ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

मी परत म्हणाले, "जाऊ द्या. नाहीतर मला केस नको."

तू उठून गेलीस, आणि तुझ्यामागं लगेच गॅरेट, फोन कानाला लावून, खोटा. बाईंनी पेन आपटलं. "कळतंय का तू काय केलंस? तिच्या ओठापर्यंत आलं होतं. आता तो तिला बाहेर पाणी पाजेल, पाठ थोपटेल, आणि ती आत येऊन म्हणेल हाताला रंग होता. संपली केस."

मी म्हणाले, "संपू दे."

"आणि ती खालची पोर?"

 मला जूनी आठवली, संडासाच्या उघड्या दारापुढं उभी. मी टेबलाखाली गुडघे घट्ट धरून बसले.  मग बाई म्हणाल्या, "जहाजाच्या केसमध्ये माल कधी बोलत नाही. तेच बरं असतं." पिशवीतून अंडं काढलं आणि परत ठेवून दिलं.

तू आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस ओले. गॅरेट तुझ्या आधी आत आले होते आणि ते हसत नव्हते. तू बसली नाहीस. कुणी विचारायच्या आधीच म्हणालीस, "दाराला कुलूप नव्हतं. कुलूप मीच होते."

गॅरेट म्हणाले, "हरकत आहे." तू म्हणालीस, "असू दे तुमची हरकत."

मग तू सगळं सांगितलंस. हाताला रक्त होतं. दिसलं. व्होस सर म्हणाले, म्हणेल तेव्हा उघड. बाई म्हणाल्या, "तुम्ही नोकरीच्या भीतीनं दाबून धरलंत?" किती सोपं होतं, नुसतं हो म्हणायचं. बाईंनी ताटच वाढून दिलं होतं. तू म्हणालीस, "नाही. मला राग आला होता. तिचा. रोज हिच्यासाठी खोटं बोलायचं, आणि हिला दोन शब्द म्हणता येत नाहीत? म्हटलं आज बघूच. मला बघायचं होतं ती कधी म्हणते."



मी मोटेलच्या मागं जाऊन कचऱ्याच्या डब्यापाशी ओकले. इतकी वर्षं नुसतं मळमळत होतं, काल निघालं.

तुला काय वाटलं, मी येऊन गळ्यात पडेन? खरं बोललीस म्हणून मला तू आवडायला लागली नाहीस. उलट आधी वाटायचं, बिचारी, नोकरी होती, व्होस सरांनी भाग पाडलं. आता तेवढं पण राहिलं नाही. पण तू ताट नाकारलंस, हे मी बघितलं. ते पण टाइप झालंय.

विनी


३० मे

नोरीन मावशी,

हे शेवटचं. केस मिटली. तुझी जबानी वाचून शाळा ज्यूरीपुढं जायला तयार झाली नाही. खोली काढणार, बटणं काढणार, नुसती आपल्याकडची नाही, गावातल्या सगळ्या शाळांतली. व्होस सर दुसऱ्या गावात बढतीवर गेले. हो, बढतीवर. थुंकायची इच्छा होते, पण कुठं कुठं थुंकणार.

मी अजून अठराची नाही म्हणून जजनं मला उभं करून विचारलं, समजलं का, मान्य आहे का. मी हो म्हणाले. ट्रम्बलबाई खाली बघून बूट निरखत होत्या.

गेल्या आठवड्यात वकिलांचं जेवण झालं. फुकट केस चालवणाऱ्यांना लाकडाची पाटी देतात. आम्हालाही बोलावलं होतं. चिकन चिवट. एका मोठ्या माणसानं भाषण केलं, की ट्रम्बलबाई मुक्यांचा आवाज झाल्या. सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले, आणि एका बाईनं डोळे पुसले. तोंडात चिकन तसंच राहिलं. ट्रम्बलबाई पाटी घ्यायला गेल्या आणि म्हणाल्या, "मी त्या पोरीला फक्त गप्प बस म्हणाले होते. तिनं ऐकलं नाही म्हणून केस जिंकलो." खाली येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "चल, इथून सटकू." गाडीत टरफलं होतीच.

खोली तोडायच्या आधी बाईंनी विचारलं, बघायचीय का. मी गेले. निळा रंग तसाच. माझा पर्च तसाच, डोळा वर गेलेला. कामगार म्हणाला, हवा तर तेवढा तुकडा कापून देतो. मी मान हलवून नको म्हटलं. त्याला कळलं. मान हलवलेली सगळ्यांना कळते, फक्त टाइप करता येत नाही.

आईनं तुझं कार्ड सुलटं केलेलं नाही. मी पण नाही केलं. पण फ्रिजवरून काढलं पण नाही कुणी.

आता मी दुकानातून आल्यावर जूनी आमच्याकडं असते. तिची आई उशिरा येते. अजून ती प्रत्येक दारापुढं थांबते, आमच्या न्हाणीघराच्या दारापुढं पण, आणि म्हणते, "मी तयार आहे." मग आत कुणी ऐकलं का म्हणून बघत राहते. काल मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. हाताला मासळीचा वास होता, तिनं नाक मुरडलं.

मी म्हणाले, "काही म्हणायचं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"नुसतं ढकल."

विनी